घरातली फिल्म-प्रयोगशाळा : फाळके कुटुंबाचा उद्योग

चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपल्याला नट आठवतात, नट्या आठवतात, गाणी आठवतात. फार तर दिग्दर्शकाचे नाव ओठावर येते. पण शेतात कापूस पिकला म्हणून कोणाच्या अंगावर धोतर चढत नाही. तो वेचावा लागतो, पिंजावा लागतो, कातावा लागतो, विणावा लागतो. तेव्हा कुठे ठाण तयार होते. चित्रपटाचेही तसेच आहे. कॅमेऱ्यासमोर नटाने काम केले म्हणजे कापूस पिकला एवढेच. त्याचे कापड जिथे होत असे त्या जागेला धंद्यात ‘लॅब’, म्हणजे प्रयोगशाळा, म्हणत. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट ज्या प्रयोगशाळेत तयार झाला ती कुठे होती आणि तिथे कामाला कोण होते, याची हकिकत आज आपल्याला सांगायची आहे. ती प्रयोगशाळा एका घरात होती, आणि कामाला होती घरचीच माणसे.

प्रयोगशाळेची कामे मुख्यतः तीन. पहिले काम धुण्याचे, दुसरे जोडण्याचे आणि तिसरे जपण्याचे. ही तीन कामे ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सगळा इतिहास उलगडायला सोपा जातो.

आधी फिल्म म्हणजे काय ते पाहू. जुन्या काळची फिल्म म्हणजे सेल्युलॉइडची एक लांबच लांब, पारदर्शक पट्टी. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जो पदार्थ होतो, त्यात कापूर वगैरे मिसळून हे सेल्युलॉइड बनवीत. त्या पट्टीवर सरसासारख्या जिलेटिनचा पातळ थर दिलेला असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की या कणांत बदल होतो. पण तो बदल डोळ्यांना दिसत नाही. फिल्म ठराविक रसायनात बुडवली, की जिथे प्रकाश पडला तिथल्या कणांची काळी चांदी होते आणि चित्र उमटते. मग ‘हायपो’ नावाच्या दुसऱ्या द्रावणात ती बुडवायची. हायपो उरलेले क्षार विरघळवून नेते. ते तसेच राहिले तर पुढे उजेडात सगळी फिल्म काळी पडेल. त्यानंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे आणि धूळ लागू न देता वाळवणे. एवढे झाले म्हणजे हाती येते ती निगेटिव्ह, म्हणजे उलटी प्रत. तीत गोरा माणूस काळा आणि काळे केस पांढरे. तिच्यावरून दुसऱ्या कोऱ्या फिल्मवर सुलटी प्रत छापायची, आणि तीही याच क्रमाने धुवायची. पडद्यावर आपण पाहतो ती ही सुलटी प्रत.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते. पण द्रावण जरा ऊन झाले, की जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि चित्रासकट सुटून येते. युरोपातल्या थंड हवेत ही अडचण थोडी. मुंबईच्या उकाड्यात मात्र तीच पहिली अडचण. पाण्यात क्षार किंवा रेती असली तर फिल्मवर डाग आणि ओरखडे पडतात. वेळ मिनिटभर चुकली तर चित्र फिके राहते किंवा काळवंडते. आणि एकदा बिघडले की दुरुस्ती नाही. नटांना पुन्हा उभे करून सगळा देखावा नव्याने घ्यायचा.

हे काम अंगावर घ्यायला धुंडिराज गोविंद फाळके तयार झाले, ते काही हवेत उडी मारून नव्हे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, गोध्र्याला स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले, तेव्हा तो बंद करावा लागला. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, ती सोडली आणि छापखाना काढला. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी चित्रांचे शिळे करून दिले. १९०९ मध्ये छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. म्हणजे बघा, रसायने, भिंगे, अंधारखोली आणि यंत्र या चार गोष्टींशी त्यांचा वीस-पंचवीस वर्षांचा घरोबा होता. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि आपली रामकृष्णांची चरित्रे अशी पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. त्या वेळी भागीदारांशी न पटल्याने छापखाना सुटलेला होता. वय चाळीस, पदरी संसार, आणि रात्रंदिवस चित्रपट पाहून व वाचन करून डोळेही अधू झालेले.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेला निघाले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले, आणि त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सगळी कामे डोळ्यांनी पाहिली. पन्नास पौंडांना विल्यम्सन कॅमेरा घेतला; कोरी फिल्म आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. जाण्यायेण्याचा प्रवास धरून अवघे दोन महिने! आपल्याकडचा बी.ए.चा विद्यार्थी दोन महिन्यांत एक पुस्तक पुरे करीत नाही.

यंत्रे मे महिन्यात येऊन पोहोचली. बिऱ्हाड दादरला ‘मथुरा भवन’ नावाच्या बंगल्यात होते. त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचेच नाव आहे. सोबत आलेल्या आकृतीवरून फाळक्यांनी चार दिवसांत यंत्रे जुळवली, आणि शेजारपाजारच्या मुलांची थोडीशी चित्रे घेऊन, धुऊन, पडद्यावर पाडून पाहिली. पैसेवाल्याला दाखवायला काहीतरी हवे, म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. रोज ठरल्या जागेवरून थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप क्षणार्धात मातीतून वर येताना दिसले. शेतकऱ्याला जे महिनाभर थांबून पाहावे लागते, ते त्या छोट्या फिल्मने एका दमात दाखवले. शाळेत वनस्पतींचा पाठ घेताना शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. या रोपाने आपले कामही केले : भांडवलासाठी कर्ज मिळाले.

आता घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे वळू. इतिहासाच्या पुस्तकात तिला बहुधा एकच ओळ मिळते. सरस्वतीबाई फाळके. यांच्याशी फाळक्यांचा दुसरा विवाह १९०२ मध्ये झाला. चित्रपटासाठी त्यांनी आपले दागिने गहाण टाकू दिले, एवढे सगळीकडे लिहिलेले असते. दागिने देणाऱ्या बायका आपल्या समाजात पुष्कळ झाल्या. पण फिल्म धुणारी बाई त्या वेळी आपल्या देशात दुसरी कोण होती? रसायने कशी मिसळायची, फिल्म किती वेळ बुडवायची, छिद्रे कशी पाडायची, हे सगळे फाळक्यांनी घरच्या माणसांना शिकवले आणि त्यात सरस्वतीबाई पुढे होत्या. भारताच्या चित्रपट-इतिहासातली पहिली तंत्रज्ञ स्त्री असे त्यांना म्हणायला काही हरकत नाही.

त्या काळी कोरी फिल्म कडेला छिद्रे नसलेली येत असे. छिद्रे नसली तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म ओढणार कसे? म्हणून ती आधी घरी पाडायची, आणि तीही अंधारात. कारण फिल्मला उजेड लागला की ती फुकट गेली. त्या वेळच्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून अशा खोल्यांतून लाल काचेचा मिणमिणता दिवा ठेवीत. दिवसभराचा स्वयंपाक, मुलेबाळे आणि आल्यागेल्याचे उरकल्यावर सरस्वतीबाई रात्री या कामाला बसत.

हे काम किती होते, याचा आपण हिशेब मांडू. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजे एकूण चित्रे झाली ५९,२००. प्रत्येक चित्रामागे एका कडेला ४ छिद्रे आणि दुसऱ्या कडेला ४. म्हणजे सगळी मिळून पावणेपाच लाखांच्या घरात गेली. ही झाली फक्त एका प्रतीची गोष्ट. निगेटिव्हला तेवढीच, सुलट्या प्रतीला पुन्हा तेवढीच, आणि वाया गेलेल्या फिल्मची वेगळी. यंत्राच्या एका ठोक्यात एकाहून अधिक छिद्रे पडत असली, तरी पट्टी सरळ धरणे, सरकवणे, गुंडाळणे हे माणसालाच करायचे. एक छिद्र वाकडे गेले तर पडद्यावर चित्र थरथरायचे. चौथी-पाचवीच्या मुलांना गुणाकार शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

धुण्याची रीत त्या काळी साधारण अशी असे : लाकडी चौकटीवर फिल्म वेढ्यावेढ्याने गुंडाळायची, एकामागून एक तीन हौदांत बुडवायची, आणि मग मोठ्या लाकडी पिंपावर ताणून वाळवायची. आपल्याकडे गावात सूत रंगवणारे लोक असत. त्यांनी हे पाहिले असते तर म्हणाले असते, की हे तर आमचेच काम! फरक इतकाच की इथे रंग सूर्याचा आणि चूक एकही माफ नाही.

दिवसा चित्रीकरण. नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून सरस्वतीबाई तासन् तास उन्हात उभ्या राहत. कंपनीची साठ-सत्तर माणसे घरीच जेवायला, त्यांचाही स्वयंपाक त्यांच्याकडेच. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. कॅमेरा त्र्यंबक तेलंग चालवीत. चित्रपटात काम करणे लोकांना कमीपणाचे वाटे, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, की कोणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत म्हणून सांगा. परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये या हकिकतीवर चित्रपट काढला आणि नावही तेच ठेवले, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. नाव गमतीचे वाटते. पण विचार केला तर ते अक्षरशः खरे होते. दादरचा तो बंगला खरोखरच कारखाना होता. कच्चा माल एका दाराने आत येत होता आणि तयार माल दुसऱ्या दाराने बाहेर पडत होता.

यानंतर दुसरे काम, जोडण्याचे. धुऊन आलेले तुकडे पाहायचे, चांगले वेचायचे, क्रमाने लावायचे, मधे अक्षरांच्या पाट्या घालायच्या आणि सगळे एकमेकांना चिकटवायचे. हेही फाळक्यांनी स्वतः केले. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चार रिळे तयार झाली. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांना चित्रपट दाखवला गेला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. त्याच साली फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, १९१७ सालचा ‘लंका दहन’ असे एकामागून एक चित्रपट निघत गेले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर कोऱ्या फिल्मची आणि पैशाची ओढाताण झाली. तो काळही घरानेच निभावून नेला.

फाळक्यांचा एक छोटा चित्रपट मात्र इथे मुद्दाम सांगितला पाहिजे. १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हेच दाखवणारा चित्रपट काढला. त्याचे काही तुकडे आजही आहेत. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटांवर लेखमाला लिहिली. म्हणजे आपली विद्या गुलदस्तात ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते हाडाचे शिक्षक होते.

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट तिथलेच. त्यात कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. पुढे भागीदारांशी मतभेद झाले, फाळके काशीला जाऊन राहिले, पुन्हा परत आले. बोलपटाचा जमाना आल्यावर १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. घरात सुरू झालेला उद्योग कंपनीच्या हाती गेला, आणि कंपनी मिटल्यावर त्या रिळांना कोणी वाली राहिला नाही.

इथून तिसऱ्या कामाची, जपण्याची, गोष्ट सुरू होते. ती फारशी सुखाची नाही.

नायट्रेटची ही जुनी फिल्म मोठी घातकी. ती पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. पाण्याखालीही ती जळत राहते. न पेटली तरी दमट, उष्ण हवेत ती हळूहळू आपली आपणच कुजते. आधी चित्र फिके पडते, मग फिल्म चिकट होते, वेढे एकमेकांना धरतात, फेस येतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. १९५० च्या सुमारास नायट्रेट फिल्मचे उत्पादन थांबले आणि न पेटणारी अॅसिटेटची फिल्म सगळीकडे आली. पण तिलाही रोग आहेच. उष्णतेने आणि दमटपणाने तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आक्रसते आणि वाकडी होते.

निसर्गाने जेवढे नेले तेवढेच माणसानेही नेले. चित्रपट एकदा चालून गेला की त्याची रिळे म्हणजे अडगळ, अशीच समजूत होती. शिवाय फिल्ममध्ये चांदी! जुनी रिळे भंगारात घेऊन, धुऊन, त्यातली चांदी काढण्याचा धंदाच चालत असे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याची उरलेली रिळे चांदी काढून विकली गेल्याची हकिकत निर्मात्याच्या घरातूनच आपल्याला समजली, असे पी. के. नायर यांनी सांगून ठेवले आहे. त्या घराला आज दोष देऊन काय होणार? देशभर हेच चालले होते. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले टिकले ते फारच थोडे, आणि त्यातलेही बरेच तुकड्यातुकड्यांत.

हे नायर कोण, हे शिक्षकांनी तरी जाणून घेतले पाहिजे. १९६४ मध्ये केंद्र सरकारने पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. पी. के. नायर हे केरळचे गृहस्थ १९६५ मध्ये तिथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत गावोगाव फिरून त्यांनी रिळे गोळा केली. स्टुडिओंची गोदामे, तंबूतले सिनेमे, जुन्या निर्मात्यांची माळे, काही सोडले नाही. फाळक्यांच्या चित्रपटांसाठी ते नाशिकला त्यांच्या मुलांकडे गेले. फाळक्यांच्या वारसांनी घरात जपलेल्या डब्यांतून फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे हाती लागले. फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या टिपणांच्या आधाराने ‘कालिया मर्दन’ क्रमवार लावता आला, आणि आज तो बहुतांशी पूर्ण पाहायला मिळतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे मिळाली. ती १९१३ सालच्या चित्रपटाची, की १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण ती मिळाली हे महत्त्वाचे. ज्या घराने चित्रपट धुतला, त्याच घराने तो जपला. कंपनीच्या गोदामाला जे साधले नाही, ते घरातल्या माळ्याला साधले.

संग्रहात आले म्हणजे भय संपले, असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळून गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच न पेटणाऱ्या फिल्मवर उतरवून घेतल्या होत्या, ते चित्रपट वाचले, बाकीचे गेले. बियाण्याचा सगळा साठा एकाच कणगीत ठेवू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चित्रपटाच्या बाबतीत ते कळायला आपल्याला फार किंमत द्यावी लागली.

फाळक्यांच्या घरी एका छताखाली चालणारी कामे पुढे मोठ्या प्रयोगशाळांत गेली. त्यातही कुटुंबाने चालवलेल्या प्रयोगशाळा होत्या. दक्षिणेतले प्रसाद घराणे हे त्याचे ठळक उदाहरण, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळलेला आहे. अक्किनेनी लक्ष्मीवरप्रसाद राव हे आंध्रातल्या एलुरूजवळच्या खेड्यातल्या शेतकरी घरातले. कोणाला न सांगता घर सोडून ते मुंबईला आले आणि मिळेल ते काम करू लागले. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’, पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ आणि पहिला तेलुगू बोलपट ‘भक्त प्रल्हाद’ या तिन्हींत त्यांनी लहानमोठी कामे केली. पुढे मद्रासला नावाजलेले दिग्दर्शक झाल्यावर १९५६ मध्ये त्यांनी प्रसाद स्टुडिओ उभा केला आणि सत्तरच्या दशकात फिल्म-प्रयोगशाळा काढली. १९८२ चे दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना मिळाले. १९९४ मध्ये ते वारले, तेव्हा कारभार त्यांचे चिरंजीव रमेश प्रसाद यांच्याकडे होता. फिल्म धुणे, छापणे, जोडणे, आणि पुढे जुन्या चित्रपटांची दुरुस्ती, अशी तिन्ही कामे या घराण्याने चालवली. फिल्म स्कॅन करणारी यंत्रे बनवणारी एक जर्मन कंपनीही पुढे या घराण्याने घेतली. ‘आलम आरा’ची प्रत उरली नाही, पण त्यात उभा राहिलेला एक पोरगा दुसऱ्यांच्या चित्रपटांना जीवदान देणारी प्रयोगशाळा मागे ठेवून गेला.

ही दुरुस्ती करतात कशी? आधी फिल्म हाताने तपासतात. फाटलेली छिद्रे सांधतात, जुने सुटलेले जोड पक्के करतात, धूळ आणि तेल काढतात. मग विशेष यंत्रावर प्रत्येक चित्राची स्वतंत्र संगणकीय नोंद घेतात. तासाभराच्या मूकपटात साठेक हजार चित्रे असतात, हे आपण मघा पाहिलेच. अडीच तासांच्या बोलपटात ती दोन लाखांवर जातात. प्रत्येक चित्रातले ओरखडे, डाग, थरथर संगणकावर काढतात. काही कामे यंत्र आपोआप करते. पण कोणता ठिपका म्हणजे डाग आणि कोणता म्हणजे नटीच्या नाकातली चमकी, हे ओळखायला माणूसच लागतो. अनेक प्रती मिळाल्या तर एकीतला चांगला भाग दुसरीत लावतात. जुन्या पोथीच्या अनेक हस्तलिखितांवरून शुद्ध पाठ ठरवतात ना, अगदी तसेच. आणि पोथीच्या संपादकाने जसे पदरचे शब्द घालू नयेत, तसे इथेही मूळ चित्रपट होता तसा आणायचा. नवा, चकचकीत करायचा नाही.

चित्रपटगृहे संगणकीय झाली, तशी २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत आपल्याकडच्या बहुतेक रासायनिक प्रयोगशाळा बंद पडल्या. हौद कोरडे झाले, आणि द्रावणाच्या वासावरून ते ताजे की शिळे हे सांगणारे कारागीर घरी बसले. मात्र जपण्याच्या कामाला त्याच सुमारास वेग आला. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम हाती घेतली. मुंबईत २०१४ मध्ये शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. याच डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये नायर यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. नायर २०१६ मध्ये गेले. पण त्यांनी घालून दिलेली वाट मोडलेली नाही.

आता आपल्या हातात काय आहे, ते सांगतो. खेड्यापाड्यांतून फिरत्या तंबूंत वर्षानुवर्षे सिनेमे दाखवले गेले. शाळांना, सहकारी संस्थांना, सरकारी खात्यांना सोळा मिलिमीटरची छोटी रिळे मिळालेली होती. त्यांतला एखादा पत्र्याचा गोल डबा आजही शाळेच्या कपाटामागे, वाड्याच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या तंबूवाल्याच्या नातवाकडे पडलेला असू शकतो. असा डबा सापडला, तर जबरदस्तीने उघडू नका. दिवा, चूल, विडी त्याच्याजवळ नेऊ नका. फिल्म ओढून, उलगडून पाहू नका. उन्हात ठेवू नका, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनही ठेवू नका. थंड, कोरड्या जागी, माणसांच्या वावरापासून दूर ठेवा. डब्यावर काही लिहिलेले असेल तर ते जसेच्या तसे उतरवून घ्या, आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. आंबट वास आला म्हणजे सगळे संपले असे समजू नका. अशा रिळांतूनही पुष्कळदा काही हाती लागते. आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. त्यातून निघणारी चांदी चिमूटभर असते. त्यात असलेला आपला आजोबांच्या काळातला रस्ता, बाजार, पेहराव, चाल आणि हसणे कुठल्याही सराफाकडे मिळत नाही.

इतिहास घडवणाऱ्यांची नावे आपण पाठ करतो. इतिहास धुणारे, जोडणारे आणि जपणारे हात मात्र अंधारखोलीतच राहतात. सरस्वतीबाई फाळक्यांचे हात तसे राहिले. दादासाहेबांच्या नावाने १९६९ पासून देशाचा चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान दिला जातो आणि ते योग्यच आहे. पण पुढच्या वेळी वर्गात त्यांचे नाव घ्याल, तेव्हा लाल दिव्याच्या उजेडात रात्री फिल्मला छिद्रे पाडत बसलेल्या त्या माउलीचेही नाव मुलांना सांगा. तो पहिला चित्रपट एकट्या माणसाने केलेला नाही. तो एका घराने केला आहे.